एका गळ्यातली सत्तेचाळीस माणसं

सोवारा या देशाचं नाव तेजस्विनी हावळनं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तिथं सरकार म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दोन सेनापती एकमेकांशी लढत होते आणि एकतीस लाख माणसं घरदार सोडून छावण्यांत येऊन पडली होती. जगभरातून धान्याची जहाजं येत होती, बंदरावर पोती उतरत होती आणि त्यातला तिसरा हिस्सा बंदूकवाल्यांच्या कोठारात जात होता. गावं जळाली तशी कागदपत्रंही जळाली. समोर उभा असलेला माणूस खरंच उपाशी आहे की दुसऱ्याचं नाव सांगून पोतं न्यायला आलाय, हे ओळखायचं कसं? बोटांचे ठसे घ्यावेत तर खाणीत राबलेल्यांची बोटं झिजून गुळगुळीत झालेली. बुबुळं वाचणारी यंत्रं तिथल्या धुळीत आठवडाभरही टिकेनात.

तेजस्विनीनं आवाज सुचवला.

ती इचलकरंजीची. आवाजावरून माणूस ओळखण्याच्या शास्त्रात तिनं बारा वर्षं घालवली होती. मदत करणाऱ्या सगळ्या संस्थांची मिळून एक समन्वय परिषद होती, तिच्यासमोर तिनं अगदी सोप्या शब्दांत मांडणी केली. स्वरतंतू थरथरतात तेव्हा जो निघतो तो कच्चा आवाज. घसा, तोंड आणि नाकामागची पोकळी त्यातल्या काही लहरी मोठ्या करतात, काही दाबून टाकतात. प्रत्येकाच्या हाडांची घडण वेगळी, म्हणून प्रत्येकाचा आवाजही वेगळा. नक्कल करणारा पट्टी बदलेल, हेल बदलेल, पण कवटी कुठून बदलणार? साध्यातल्या साध्या फोनवर वीस सेकंद बोललं तरी हा ठसा मिळतो.

परिषदेनं ते उचललं. सात महिन्यांत एकतीस लाखांची नोंद झाली. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठीही तेजस्विनीनं एक सोय ठेवली होती: घरच्या माणसानं स्वतःबरोबर अशा दोघांपुरतं बोलावं. दोघांपुरतंच का, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

पहिल्या काही महिन्यांत यंत्राची चाळण थोडी ढिली होती. मग तिनं ती घट्ट केली; आता यंत्र वरवरची पट्टी सोडून फक्त पोकळ्यांची घडण मोजू लागलं. त्या दिवशी दुपारी राजधानीतल्या कचेरीत तिच्या पडद्यावर लाल रेघ उमटली. पश्चिमेकडच्या कारेन छावणीत म्हातारे, बायका, पोरं मिळून सत्तेचाळीस जणांचे आवाज एकाच गळ्यातून निघाले होते.

परिषदेची प्रमुख हेलगा ब्रँट मुद्दाम तिच्या टेबलापाशी आली. साठीची, कमी बोलणारी बाई. "सत्तेचाळीस शिधे एकटीनं. ही आपण पकडलेली सर्वांत मोठी चोरी आहे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा देशांचे प्रतिनिधी बसणार आहेत. त्यांना तुझी पद्धत हवी आहे. हे उदाहरण त्यांच्यासमोर ठेव."

नियमाप्रमाणे ते सगळे शिधे बंद झाले. "घरी कळव," हेलगा जाताजाता म्हणाली. "वडिलांना अभिमान वाटेल."

"कळवते," तेजस्विनी म्हणाली. वडील कापडधंद्यात होते, एवढंच तिनं कचेरीत सांगितलं होतं. आप्पा, म्हणजे विरूपाक्ष हावळ, यंत्रमागावर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे, हे तिनं सांगितलं नव्हतं. ते जन्मापासून बहिरे आहेत, तीन वर्षांपूर्वी गेलेली आईही तशीच होती, हे तर नाहीच नाही.

सहा वर्षांची असल्यापासून तेजू त्या दोघांचा आवाज होती. रेशन दुकानात, दवाखान्यात, बँकेत, लाइटबिलाच्या खिडकीवर. दुकानदार आप्पांकडे न बघता तिच्याशी बोलायचा आणि ती मान खाली घालून उत्तरं द्यायची. शाळेच्या पालकसभेला तर ती आप्पांना येऊच द्यायची नाही. सभा रद्द झाली म्हणून सांगायची. नोकरी लागली तशी ती लांब गेली, मग आणखी लांब गेली. महिन्यातून दोनदा व्हिडिओवर भेट व्हायची. जेवलीस का, जेवले, बरी आहेस ना, बरी आहे. हातांची सवय मोडत चालली होती.

*

शिधा बंद झालेल्यांना दाद मागण्यासाठी एक नंबर होता. कारेनच्या सत्तेचाळीसांपैकी एकाचाही फोन आला नाही. चोरी असल्याचाच तो पुरावा, असं सगळ्यांनी धरलं. त्यात भर म्हणून तिकडचा रस्ता गोळीबारामुळे बंद होता. एकोणिसाव्या दिवशी सहा दिवसांचा युद्धविराम जाहीर झाला आणि आरोपीचा जबाब घ्यायला तेजस्विनी स्वतः निघाली. बरोबर बराका होता. तो गाडी चालवायचा आणि दुभाष्याचं कामही करायचा. चाळिशी ओलांडलेला, शांत माणूस.

छावणीच्या टोकाला, नळापासून सर्वांत लांब एक रांग होती. तिथल्या ताडपत्रीच्या खोपटाबाहेर एक रुंद बांध्याची बाई डाळीच्या रिकाम्या डब्यात कसला तरी पाला उकळत होती. तिचं नाव इलेमा.

"परिषदेकडून आलेत," बराकानं सांगितलं.

इलेमा उठली नाही. "एकोणीस दिवस लागले," ती म्हणाली.

"सत्तेचाळीस जणांच्या नावानं तू बोललीस. खरं आहे?" तेजस्विनीनं विचारलं.

"खरं आहे. म्हाताऱ्यासाठी खर्जात, पोरांसाठी नाकातून. एक बाई तोतरी केली होती, मग तसंच बोलत राहावं लागलं."

"कशासाठी?"

इलेमा उठली. ती खोपटाच्या दारात गेली. आत मालाच्या पोत्यांखाली घालतात ते लाकडी पाट एकमेकांना जोडून जमीन केलेली होती. तिनं त्यावर पाय दोनदा जोरात आपटला.

आत पाठमोरी बसलेली, निजलेली, केस विंचरणारी सगळी माणसं एकदम वळली.

घरी तेजस्विनी आप्पांना हाक मारायची ती अशीच. फरशीवर पाय आपटून.

मग हात उठले. कोण आली आहे, काय म्हणते, धान्य आणलंय का. ती भाषा तेजस्विनीची नव्हती. बहिऱ्यांची भाषा जगभर एकच असते हा ऐकणाऱ्यांचा गैरसमज आहे. इचलकरंजीच्या खुणा वेगळ्या, सोवाराच्या वेगळ्या. पण पोटावरून फिरलेला हात आणि उंचावलेल्या भुवया तिला कळल्या. तिचेही हात वर आले, अडखळले, आणि तिनं घरच्याच खुणेत सांगितलं: माझे आई-वडील. तुमच्यासारखे.

इलेमा तिच्याजवळ खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. उत्तरेच्या एका गावात बहिऱ्यांची निवासी शाळा होती. इलेमा तिथली स्वयंपाकीण. तोफा सुरू झाल्या तेव्हा ऐकू येणारी त्या इमारतीत ती एकटीच होती. मुलं, दोन बहिऱ्या शिक्षिका, जुने विद्यार्थी, त्यांची कुटुंबं आणि तोबियास नावाचा म्हातारा पहारेकरी, असे सत्तेचाळीस जण घेऊन ती अकरा दिवस चालली. विमानाचा आवाज आला की ती हात वर करायची आणि सगळे झुडपात आडवे व्हायचे. छावणीत आल्यावर नोंदणीवाल्यानं फोन पुढे केला आणि म्हणाला, बोला.

"नियम दोघांपुरता होता," इलेमा म्हणाली. "मी कुठले दोन निवडायचे?"

"आणि तुझं स्वतःचं शिधाकार्ड?"

"माझ्यासाठी आवाजच उरला नव्हता."

बराकानं हे भाषांतर अगदी हळू आवाजात केलं. एकोणीस दिवस शेजारच्या रांगांनी मूठमूठ दिलं होतं. तोबियासनं आपला वाटा मुलांना दिला होता. तो भिंतीकडे तोंड करून निजला होता, हाताला सलाईन लावलेलं. दाद मागायचा नंबर त्यांनी पाहिला होता. त्यावर बोलावं लागत होतं, आणि बोलू शकणारा एकमेव गळा यंत्रानं बंद केला होता.

एवढं साधं तुला कसं सुचलं नाही, असं पुढे तिला अनेकांनी विचारलं. ती खरं ते सांगायची. प्रत्येक बहिऱ्या माणसाच्या घरी एक तेजू असतेच, असं तिनं धरून ठेवलं होतं.

*

गाडीतली स्वतःची आणि बराकाची शिधापाकिटं तिनं तिथं उतरवली आणि हेलगाला फोन लावला.

हेलगानं सगळं ऐकलं. ती निर्दय नव्हती. "मला तुझं पटतंय," ती म्हणाली. "आठवड्याचा आपत्कालीन शिधा मी माझ्या सहीनं आज सोडते. पण पुढे काय? तुझ्या शब्दावर सत्तेचाळीस उघडले, तर परवा सेनापतीचा माणूस पाच हजार मुकी माणसं घेऊन दारात येईल. आवाजाइतकी पक्की ओळख दे. युद्धविराम शुक्रवारी संपतो. त्यानंतर तिकडे काहीच जाणार नाही, यंत्रही नाही आणि तूही नाही."

"आणि सोमवारची बैठक?"

"तुझी पद्धत चुकली असं तूच सांगितलंस, तर अकरा देश थांबतील. तुझं नावही थांबेल. ते तू ठरव."

तेजस्विनी खोपटाबाहेर डब्यावर बसली. समोर दोन शिक्षिका भांडत होत्या. भांडण कशावरून ते कळत नव्हतं, पण एकीचे हात तुटक, मनगटापासून झटका देणारे. दुसरीचे लांब, शेवटी किंचित रेंगाळणारे. डोळे मिटून उघडले तरी कुठले हात कुणाचे ते सांगता आलं असतं. लहानपणी आई-आप्पा कंदिलाच्या उजेडात बोलायचे तेव्हा भिंतीवरच्या सावल्यांवरून ती दोघांना ओळखायची.

तिनं खिशातला फोन काढला. चेहरा ओळखण्यासाठी हे फोन डोळ्यांना न दिसणारे हजारो अवरक्त ठिपके समोर टाकतात आणि प्रत्येक ठिपका किती लांब पडला ते मोजतात. तेच ठिपके हातांवर टाकले तर बोटांच्या हाडांची लांबी मिळेल, मनगट किती वळतं ते मिळेल, आणि त्याहून मोलाचं म्हणजे लय. एका खुणेतून दुसरीत जाताना हात कुठे घाई करतो, कुठे थांबतो. ती लय मेंदूत वर्षानुवर्षं मुरलेली असते, सहीच्या वळणासारखी. नक्कल करणारा आकार उचलेल, पण ही लय त्याला साधणार नाही. दर वेळी पडद्यावर नवं चित्र दाखवून "काय दिसतं ते सांग" म्हटलं, की आधी चित्रित केलेलं दाखवून फसवायचीही सोय उरणार नाही. आवाजासाठी बसवलेलं गणित बरंचसं तसंच वापरता येणार होतं. रात्रभर बसून तिनं ते जुळवलं.

अडचण वेगळीच निघाली. फोन समोर धरला की माणसं ताठ होत. हात कवायत केल्यासारखे हलत. कॅमेऱ्यांची त्यांना भीती होती. वाटेत एका नाक्यावर बंदूकवाल्यांनी त्यांना हसतहसत चित्रित केलं होतं. यंत्राला रोजचं, गप्पांमधलं बोलणं हवं होतं, आणि गप्पा मारण्याइतकी भाषा तेजस्विनीकडे नव्हती. दुपारपर्यंत एकाचाही धड ठसा मिळाला नाही.

दोन वाजता तिनं इचलकरंजीला फोन लावला.

गावभागातल्या घरात आप्पा चहा घेत होते. अवेळी मुलीला पाहून त्यांनी कप खाली ठेवला. "आजारी?"

"नाही. मदत पाहिजे," तिनं हातांनी सांगितलं. हे वाक्य तिनं आप्पांना याआधी कधी म्हटलं होतं, ते तिला आठवेना.

तिनं फोन तोबियासच्या उशाशी ठेवला आणि बाजूला सरकली.

आप्पांनी आधी म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःची छाती दाखवली, कान दाखवला, हात झटकला: बंद. जन्मापासून. तोबियासनं मान हलवली: मीही. आप्पांनी दोन्ही हातांनी माग उभा केला. ताणा, बाणा, इकडून तिकडे धावणारा धोटा. तोबियासला कळेना. आप्पांनी दुसरी तऱ्हा काढली, मग तिसरी. अंगातला सदरा धरून एकेक धागा दाखवला. आयुष्यभर न समजणाऱ्यांना समजावत आलेला माणूस तो, थकणार कसा? चौथ्या वेळी तोबियासचा चेहरा उजळला आणि तो कोपरावर उठून बसला. तूही हे करत होतास, आप्पांनी विचारलं. नाही, मी दाराशी. त्यानं दार उभं केलं, कुलूप लावलं, पळून जाणाऱ्या पोरांना कानाला धरून परत आणलं.

मागची पोरं हसली आणि पुढे सरकली.

पाऊण तासात खोपट भरलं. आप्पा सांगत होते की कारखान्यात साठ माग एकदम चालू झाले की ऐकणाऱ्यांनाही काही ऐकू यायचं नाही. सगळे हातांनी बोलायचे आणि तिथं सगळ्यांत हुशार आप्पाच ठरायचे. मागाच्या लोखंडावर तळहात टेकून ते सांगायचे की कुठल्या चाकाचा दात झिजलाय. मालक गाडी पाठवून बोलवायचे. तेजस्विनीला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. दारात उभं राहून ती बघत होती. तिच्या आठवणीतला बाप खिडकीवर तिच्या मागे गप्प उभा असायचा. हा माणूस परक्या देशातल्या सत्तेचाळीस जणांना हसवत होता, थांबवत होता, एकेकाला बोट दाखवून "आता तू सांग" म्हणत होता. आणि ते सांगत होते: शाळा, तोफा, अकरा दिवसांची चाल, झुडपं. हात मोकळे सुटले होते. बाजूला ठेवलेले दोन फोन प्रत्येकाची लय टिपत होते.

मध्येच आप्पांनी विचारलं, "यांचं धान्य कुणी बंद केलं?"

सगळे तेजस्विनीकडे बघू लागले. प्रश्न सगळ्यांना कळला होता. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी."

आप्पांचे हात क्षणभर मांडीवर पडून राहिले. मग ते म्हणाले, "तर मग उघड. मी आहे बसलेला."

ते तीन दिवस बसले. चहा, जेवण, पुन्हा पडदा. एकेक करून सत्तेचाळीस ठसे पुरे झाले. गुरुवारी हेलगानं राजधानीतून तिचा सुरक्षा अधिकारी पाठवला. त्यानं यंत्राला फसवायचा सगळा प्रयत्न केला. बराकाला तासभर शिकवून नक्कल करायला लावली, यंत्रानं नाकारली. शाळेतल्या दोन जुळ्या बहिणींना एकमेकींच्या नावानं उभं केलं. त्यांना स्वतःलाच हसू आवरेना, आणि यंत्रानं दोघींनाही परत पाठवलं. अधिकाऱ्यानं जुनी चित्रफीत दाखवून पाहिली, हाताला पट्टी बांधून पाहिली. शेवटी त्यानं कागदावर सही केली आणि तेजस्विनीला म्हणाला, "आवाजापेक्षा हे फसवणं कठीण आहे."

शुक्रवारी सकाळी धान्याचे दोन ट्रक छावणीत आले. तोबियास काठी टेकत रांगेत पहिला उभा राहिला. पडद्यावर बकरीचं चित्र आलं. त्यानं बकरीची दाढी दाखवली, तिचा हट्टी स्वभाव दाखवला आणि न विचारता तिची किंमतही सांगितली. हिरवा दिवा लागला. त्याच्यामागे एकेक जण आला आणि स्वतःचं पोतं घेऊन गेला. इलेमा कडेला उभी होती. सवयीनं तिचे ओठ प्रत्येकाबरोबर हलत होते, पण तिला काही बोलावं लागलं नाही. सगळे संपल्यावर तेजस्विनीनं तिच्यापुढे फोन धरला. आपलं नाव सांगण्याआधी इलेमाला घसा खाकरावा लागला.

*

सोमवारी अकरा देशांच्या बैठकीत तेजस्विनीनं चोरीचं उदाहरण मांडलं नाही. तिनं स्वतःची चूक मांडली. गेल्या तीन दिवसांत तिनं पूर्ण नोंदवही चाळून काढली होती. आवाज न मिळाल्यामुळे किंवा एका गळ्यातून आल्यामुळे बंद झालेली आणखी नऊ हजार माणसं त्यात होती. पक्षाघात झालेली, घशाची शस्त्रक्रिया झालेली, भीतीनं वाचा गेलेली मुलं. "ही पद्धत आहे तशी घेऊ नका," ती म्हणाली. "आवाज हा ओळखीचा एक रस्ता आहे. जिथं दुसरा रस्ता तयार नाही, तिथं पहिलाही चालू करू नये."

मग एका प्रतिनिधीनं विचारलं, "हातांची ही पद्धत इतक्या लवकर उभी राहिली कशी? तुमच्याकडे कोण तज्ज्ञ आहेत?"

तेजस्विनीनं मोठा पडदा चालू केला. आप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तयार बसले होते.

"विरूपाक्ष हावळ," ती म्हणाली. "इचलकरंजीला यंत्रमागावर जॉबर होते. हे माझे वडील."

आप्पा सांगू लागले. हेलगा पडद्याकडे बघत हलकेच म्हणाली, "काय म्हणताहेत?"

"थांब," तेजस्विनी म्हणाली. "त्यांचं पूर्ण होऊ दे." सगळे त्या हातांकडे बघत राहिले, आणि कितीतरी गोष्टी तिनं शब्दांत सांगण्याआधीच त्यांना कळल्या.

अकरा देश थांबले, पण चारच महिने. दोन्ही रस्ते असलेली पद्धत तयार झाल्यावर नऊ जणांनी ती घेतली. पहिल्या वर्षी नव्या देशांतल्या बहिऱ्यांशी बोलून ठसे मिळवायचं काम परिषदेनं आप्पांना दिलं. त्यांच्या हाताखाली इलेमाच्या शाळेतल्या त्या दोन शिक्षिका होत्या, वेगवेगळ्या छावण्यांत बसून काम करणाऱ्या. सोवारातला युद्धविराम मोडला, पुन्हा जुळला. कारेनच्या त्या टोकाच्या रांगेत शाळा पुन्हा सुरू झाली.

एका रविवारी कारेनला जाताना तेजस्विनीनं गाडीतून आप्पांना फोन लावला. पडदा दोन सेकंद उजळला. आप्पांच्या मागे भिंतीवर तीन देशांचे नकाशे होते. त्यांनी तिच्याकडे जेमतेम पाहिलं, घाईनं दोन खुणा केल्या आणि फोन बंद केला.

बराकानं आरशातून पाहिलं. "उचलला नाही का?"

"उचलला," तेजस्विनी म्हणाली आणि ऐटीत मागे टेकून बसली. "साहेब कामात आहेत. संध्याकाळी कर म्हणाले."